नादुरुस्त रंधायंत्र : घ्यावे की सोडावे?

दिल्लीतील कीर्तीनगर हे लाकूड आणि फर्निचर यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे, तर लगतचे मायापुरी भंगार व जुन्या सुट्या भागांसाठी ओळखले जाते. राजधानी परिसरात सुतारकामाचा छोटा कारखाना चालवणाऱ्या ग्राहकास एखादे वापरलेले रंधायंत्र निम्म्याहून कमी किमतीत मिळत असेल, तर मोह होणे स्वाभाविक आहे. मेजाला थोडा तडा आहे, मोटर जळाली आहे, एवढेच काय ते! मात्र ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ अशी गत होऊ नये, यासाठी काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे.

दोषाची पारख

बेअरिंग, पट्टे, पाती, स्विच हे भाग बदलता येतात. जळालेली मोटर पुन्हा गुंडाळून घेता येते. असे दोष केवळ खर्चाचे असतात.

मेज अथवा सांगाडा यांचा तडा हा शंकेचा विषय होय. हे भाग बहुधा बिडाचे असतात आणि बीड ठिसूळ असते. त्याचे वेल्डिंग करण्यापूर्वी तो भाग तापवावा लागतो व नंतर सावकाश थंड होऊ द्यावा लागतो. अन्यथा सांध्याशेजारी नवा तडा जातो. वेल्डिंगनंतर मेज पुन्हा घासून सपाट करावे लागते ते वेगळेच. कडेचा तुकडा उडाला असल्यास निभावते. बेअरिंगच्या बैठकीतून तडा गेला असल्यास माघार घेणे श्रेयस्कर.

पाती बसवलेला फिरता दंडगोल मिनिटाला हजारो फेरे घेतो. त्याला तडा वा वेल्डिंग दिसल्यास यंत्र फुकटही घेऊ नये. सुटलेले पाते आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकते. फिरत्या पात्यांवरील संरक्षक आच्छादन नसेल, तर ते बसवल्याखेरीज यंत्र चालवू नये.

पाहणीच्या वेळी वीज तोडून दंडगोल हाताने फिरवावा. मेजावर सरळ पट्टी ठेवून खालची फट तपासावी. यंत्र चालू स्थितीत असल्यास अर्धा तास चालवून आवाज, कंप व बेअरिंगची उष्णता पाहावी. ‘सध्या वीज नाही’ असे विक्रेता म्हणाला, तर मोटर निकामी आहे असे धरूनच किंमत करावी.

खरी किंमत

समजा, नवे यंत्र १,५०,००० रुपयांस आहे व जुने ६०,००० रुपयांस. वाहतूक ८,००० आणि दुरुस्ती ३४,००० रुपये. दुरुस्तीचा अंदाज सहसा चुकतो, म्हणून तिच्या चौथा हिस्सा, म्हणजे ८,५०० रुपये, अधिक धरावे. पंधरा दिवस काम खोळंबल्याचे, दररोज १,२०० रुपयांप्रमाणे, १८,००० रुपये. एकूण १,२८,५०० रुपये झाले! उरलेल्या २१,५०० रुपयांच्या बचतीसाठी हमी गमवावी का, याचा विचार करावा. एकूण खर्च एक लाखाच्या आत ठेवायचा असल्यास या यंत्रास ३१,५०० रुपयांहून अधिक देणे परवडणार नाही, हेही याच हिशेबातून दिसते.

पूर्वेतिहास व कागदपत्रे

२०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात विकलेले एक जुने उपकरण मायापुरीत सुटे करण्यात आले. त्यातील किरणोत्सारी कोबाल्टमुळे एका कामगाराचा मृत्यू झाला व काही जण आजारी पडले. रंधायंत्रात असे द्रव्य नसते. तरीही जुनी वस्तू कोठून आली आणि का विकली जात आहे, हे विचारण्याचा धडा सर्वांसाठीच आहे. यंत्र पूर्वी एखाद्या कर्जापोटी तारण असू शकते. म्हणून मूळ बिल, रीतसर विक्रीपावती आणि कर्ज असल्यास थकबाकी नसल्याचे पत्र अवश्य घ्यावे.

अर्थसाहाय्य

२०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत पारंपरिक सुतारांचा समावेश आहे. पात्र कारागिरास दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. नव्या यंत्राचा पर्यायही त्यामुळे आवाक्यात येऊ शकतो. म्हणूनच बयाणा देण्यापूर्वी जाणकार फिटरकडून यंत्राची तपासणी करून घ्यावी आणि आपल्या शाखेत येऊन दोन्ही पर्यायांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा. बयाणा दिल्यानंतर केलेली चौकशी बहुधा पश्चात्तापाच्याच कामी येते.