बर्फातलं हॉटेल आणि बशीतला चहा

मैत्रिणींनो, बर्फ बघून येणं वेगळं आणि बर्फातल्या भारी हॉटेलात मुक्काम करणं वेगळं. पहिल्याला स्वेटर पुरतो, दुसऱ्याला थोडं धाडस लागतं!

२०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही गुलमर्गला तीन रात्री राहिलो. मी, हे, सातवीतली लेक आणि सासूबाई. हौस सासूबाईंचीच. “डोळे मिटायच्या आत एकदा बर्फ हातात घ्यायचाय,” असं त्या कित्येक वर्षं म्हणत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःची एक ठेव मोडली आणि वर बजावलं, “राहायचं तर चांगल्या ठिकाणी. माझे गुडघे आखडले तर निस्तरायचं तुम्हालाच.” दोन खोल्यांचं भाडं ऐकून मी मनात हिशेब केला. माझा शाळेतला अर्धवेळचा सहा महिन्यांचा पगार!

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण पन्नास किलोमीटर. शेवटचा टप्पा टंगमर्गपासून तेरा किलोमीटरच्या घाटाचा. ताजं बर्फ पडलं की तिथून चाकांना साखळ्या लावलेली गाडी करावी लागते. तेव्हा खोली ठरवतानाच विचारून घ्या, गाडी हॉटेल पाठवणार का आणि तिचे पैसे वेगळे का. जेवणाचंही तसंच. आमच्या भाड्यात नाश्ता आणि रात्रीचं जेवण होतं, दुपारचं नव्हतं. हे आम्हाला पोचल्यावर कळलं. बरं तर बरं, डब्यात दशम्या आणि लाडू होते.

खोली मात्र बघत राहावी अशी. लाकडाचा मंद वास, पाय रुतेल असा गालिचा, खिडकीबाहेर पांढरेशुभ्र देवदार. आत इतकी ऊब की स्वेटर काढून ठेवला. पण ही ऊब फार कोरडी असते बरं का. पहिल्याच रात्री लेकीच्या नाकातून रक्त आलं. मग खुर्चीवर ओला टॉवेल पसरून ठेवला, नाकात आतून बोटभर तूप लावलं. पुन्हा त्रास झाला नाही.

आता जे सांगायचं ते सांगते. पहिल्या दिवशी संध्याकाळी काचेच्या मोठ्या दालनात चहा होता. आजूबाजूला परदेशी मंडळी, स्की करून गाल लाल झालेली. सासूबाईंनी रोजच्यासारखा चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. मी हळूच म्हटलं, “आई, इथे नको हो. सगळे बघताहेत.” खरं सांगू? कुणीच बघत नव्हतं. त्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला. रात्री म्हणाल्या, “मला भूक नाही, तुम्ही जेवून या.” दुसऱ्या दिवशी नाश्ताही खोलीतच मागवला. म्हणाल्या, गुडघे दुखताहेत. गुडघे नव्हते दुखत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या रात्रीचं जेवण मला गोड लागलं नाही. एरवी नावं ठेवावीत असं काही नव्हतं. हाख म्हणजे तिथली हिरवी पालेभाजी, अगदी साधी, आपल्याला आवडेल अशी. नदरू म्हणजे कमळाचे देठ, दह्याच्या रश्शात शिजवलेले. गुलाबी चहा बघून ह्यांनी दोन चमचे साखर घातली, आणि तो निघाला मिठाचा!

दुसऱ्या दिवशी मी स्की शिकायला उभी राहिले. सदतिसाव्या वर्षी! ते बूट म्हणजे लोखंडी पेटीत पाय घातल्यासारखे. शिकवणारा सांगतो, पायांचे चवडे आत वळवा म्हणजे वेग कमी होतो, आणि पडायचंच तर बाजूला पडा. मी चारी बाजूंना पडून पाहिलं. परत आल्यावर बुटांच्या खोलीतला मुलगा गुडघ्यावर बसून माझे बूट काढू लागला. मी संकोचून पाय मागे घेतला. तो हसून म्हणाला, “मॅडम, आप ग़लत बकल खींच रही हैं।” घ्या! तेव्हाच ठरवलं, इथे लाजत राहिलो तर पैसेही जाणार आणि सासूबाईही.

दुसऱ्या दिवशी, अठराला, महाशिवरात्र होती. सासूबाईंचा उपास. साबुदाणा आणि दाण्याचं कूट मी मिरजेहूनच नेलं होतं. आदल्या संध्याकाळीच भोजनगृहात गेले आणि सरळ विचारलं, खिचडी करून द्याल का? मुख्य आचारी स्वतः बाहेर आले. काश्मिरी गृहस्थ, पन्नाशीचे. म्हणाले, आमच्याकडे ह्या सणाला हेरथ म्हणतात. लहानपणी शेजारच्या पंडितांकडून भिजवलेले अक्रोड यायचे, आणि हेरथच्या दुसऱ्या दिवशी, ‘सलाम’ला, हे लोक त्यांच्याकडे मुबारक द्यायला जायचे. सांगताना ते क्षणभर थांबले. नंतर साबुदाणा हातात घेऊन निरखू लागले.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गुलमर्ग साडेआठ हजार फुटांच्याही वर आहे. तिथे पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांवरच उकळतं, त्यामुळे डाळ-बटाटा शिजायला वेळ लागतो. थंडीत साबुदाणाही लवकर भिजत नाही. त्यांनी तो रात्रभर भट्टीच्या कडेला ठेवला.

सकाळी सासूबाईंना हट्टाने खाली आणलं. चांदीसारख्या झाकणाखालून खिचडी आली, वर डाळिंबाचे दाणे, शेजारी वाटीत भिजवलेले अक्रोड. सासूबाई म्हणाल्या, “जरा मोकळी हवी होती,” आणि सगळी संपवली. आचारी विचारायला आले तेव्हा आपल्या मोडक्या हिंदीत त्यांना कूट घालायची वेळ समजावून सांगितली. चांगली दहा मिनिटं! मग चहा आला. मी बशी त्यांच्यापुढे सरकवली. “राहू दे गं,” म्हणाल्या, आणि कपानेच प्यायल्या.

दुपारी लेक आणि हे रोपवेने कोंगडोरीला गेले (तिकीट घरूनच काढून ठेवा), आणि आम्ही दोघी टेकडीवरच्या शंकराच्या देवळात. १९१५ साली बांधलेलं, ‘आप की कसम’मध्ये दिसलेलं ते लाकडी देऊळ. तिथल्या पायरीवरचं बर्फ सासूबाईंनी ओंजळीत घेतलं आणि बोटं बधिर होईस्तोवर धरून ठेवलं. पुढे २०२४ च्या जूनमध्ये देऊळ आगीत जळाल्याची बातमी वाचून त्या दिवसभर बोलल्या नव्हत्या.

मुक्काम संपेपर्यंत त्या तिन्ही वेळा खाली येत होत्या. चहा मात्र कपानेच.

घरी परतल्यावर पहिल्या सकाळी मी पोळ्या लाटत होते. मागून बशीतल्या चहाचा तो ओळखीचा ‘फुर्र’ आवाज आला. मी मागे वळून बघितलं नाही.