डांबर ओढू नका, पाणी ओता

भुसावळवरून जाणाऱ्या महामार्ग ५३ वर काय किंवा एखाद्या गल्लीत काय, डांबरीकरण चालू असताना कुणाच्या हातावर डांबर उडालं की आरोळी ठरलेली: ‘डिझेल आणा!’ फावडी-घमेली डिझेलनं साफ होतात, मग हातही होईल, असा हिशेब. पाठोपाठ दुसरा सल्ला येतो: ‘पाणी लावू नका, फोड येतील.’ दोन्ही चूक, आणि दोन्ही छातीठोक.

खडीत मिसळायचं डांबर दीडशे अंशांच्या वर तापवलेलं असतं. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. डांबर चिकटून बसतं आणि उष्णता आत सोडत राहतं. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्येच मोजून दाखवलं, की ६० अंशांचा चटका पाचेक सेकंद टिकला तरी कातडीचा वरचा थर मरतो. फोड येतो तो उष्णतेनं, पाण्यानं नव्हे. म्हणून लगेच पाण्याची धार, आणि तीही वीस मिनिटं.

मग पाण्याची ही भीती आली कुठून? डांबर तापवायच्या बॉयलरवरून. तिथं ती अगदी खरी आहे. तापल्या डांबरात एक लिटर पाणी गेलं तर त्याची सुमारे सतराशे लिटर वाफ होते आणि डांबर फेसाळून बाहेर उसळतं. पण टाकीचा नियम हाताला कशाला?

निवलेलं डांबर आहे तिथंच राहू द्यावं. ओरबाडलं तर कातडीही सोबत निघते. इतक्या तापलेल्या डांबरात जंतू उरत नाहीत. तो थर जखमेवर झाकणासारखा बसतो. युरोपातल्या डांबर उत्पादकांची संघटना युरोबिट्यूमही हेच सांगते. दवाखान्यात हे डांबर लिक्विड पॅराफिनसारख्या तेलानं सैल करतात. डिझेल जखम आणखी चिघळवतं, आणि चार पावलांवर बर्नर पेटलेला असतो, हे वेगळंच! बोटाभोवती किंवा मनगटाभोवती डांबराचं कडं झालं असेल तर मात्र ताबडतोब डॉक्टर गाठावा. निवताना ते आवळतं, रक्त अडतं. त्याला चीर द्यावी लागते.

टूथपेस्ट, शाई, बर्फ: काहीच नको. डोळ्यात उडालं तर पाणी मारत थेट नेत्रतज्ज्ञाकडे, खरवडणं नाही. चिकटलेल्या डांबराला हात लावायचीही घाई नको: वरून घट्ट झालेलं डांबर आतून तापलेलंच असतं. आणि केळीचं पान? मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांच्या ड्रेसिंगला वापरलं ते निर्जंतुक केलेलं, यावलच्या बागेतून नुकतं तोडलेलं नव्हे.

मे महिन्यात भुसावळात उन्हात उभ्या टँकरचं पाणीही हाताला सोसत नाही. ओतायचं ते सावलीतल्या पिण्याच्या जारमधलं. एक जार पुरत नाही. प्यायचं पाणी संपवलं म्हणून मुकादम ओरडला तर ओरडू द्यावं.