नाक, नात आणि पुरलेली टाकी

आमची मुलगी पेनसिल्व्हेनियात गावाबाहेरच्या घरात राहायला गेली. तिथे रस्त्याखालून गॅस येत नाही. शेगडी, गरम पाणी, हिवाळ्यातली ऊब, सारं प्रोपेनवर. आम्ही दोघं गेलो त्याच आठवड्यात अंगणात ५०० गॅलनची पोलादी टाकी पुरायचं काम निघालं. हयात बँकेत गेलेली. मी लगेच हिशेब मांडला. उष्णतेनं द्रव फुगतो म्हणून टाकी ८० टक्केच भरतात. तरी आपल्याकडचे पन्नासावर सिलिंडर झाले!

‘‘आणि यावर नात खेळणार?’’ ही म्हणाली.

मग मी खुर्ची टाकून कामच पाहत बसलो. खणण्याआधी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या तारा-नळांच्या खुणा करून घेतलेल्या. घरापासून अंतर किमान १० फूट. भोवती दगडगोटे नाहीत, स्वच्छ वाळू. टाकीच्या लेपाला ओरखडा गेला की गंज तिथूनच शिरतो. जमिनीत पाणी वर असेल तर रिकामी टाकी तरंगून वर येते, म्हणून ती खाली जखडतात. शिवाय शेजारी मॅग्नेशियमचा तुकडा पुरून तारेनं टाकीला जोडतात. गंज टाकीला सोडून त्याला खातो. कर्जदारापायी झिजणारे जामीनदार मी पुष्कळ पाहिले. धातूतला हा पहिलाच.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत असाच बिनवासाचा नैसर्गिक वायू साचून स्फोट झाला. सुमारे ३०० जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याची सक्ती आली.

गॅसवाल्यानं त्या वासाचं एक कार्ड दिलं. नातीनं खरवडून हुंगलं आणि नाक मुरडलं. मी हुंगलं. काहीच नाही! पुन्हा हुंगलं. साठीनंतर नाकही हळूहळू निवृत्त होतं, हे मला तेव्हा कळलं. शिवाय जमिनीतून झिरपताना माती हा वास शोषून घेऊ शकते.

त्याच संध्याकाळी जावयानं तळघरात, जमिनीलगत, गॅसची सूचना देणारं यंत्र बसवलं. प्रोपेन हवेहून जड, खालीच साचतो. मुलीनं टाकीचा नकाशा काढून घराच्या कागदांत ठेवला. नातीला तिनं शिकवलं : वास आला की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, बाहेर पळायचं, फोन बाहेरून करायचा. ‘‘आणि आजोबांना हाताला धरून न्यायचं,’’ नातीनं पुस्ती जोडली.

पुण्यात परतल्यापासून मी रात्री नाकावर विसंबत नाही. रेग्युलेटर हातानं बंद करतो.