ऑफिसचा टॅब: आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

औषध कंपन्यांचे एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) डॉक्टरांना नव्या औषधाची माहिती टॅबवरच दाखवतात. मायक्रोफायनान्सचे फील्ड ऑफिसर गावात हप्ते गोळा करताना टॅबवर नोंद करतात. खातं उघडायला घरी येणारा बँकेचा प्रतिनिधीही टॅब घेऊनच येतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा टॅब हाती पडतो, एका कागदावर सही होते आणि तो कागद बहुतेक जण वाचत नाहीत. पुढची माहिती मग सहकाऱ्यांच्या गप्पांतून मिळते. कुणी सांगतं, ‘कंपनी सगळं बघते’. कुणी म्हणतं, ‘कोण बघतंय, वापर बिनधास्त’. या अर्धवट माहितीची किंमत शेवटी कर्मचारीच मोजतो. कुणाची नोकरी जाते, कुणाचे घरचे फोटो जातात, तर कुणी हक्क असूनही पगारातली कपात मुकाट्याने सोसतो. म्हणून या गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात.

गैरसमज १: टॅब माझ्या नावावर दिलाय, म्हणजे तो माझाच.

वस्तुस्थिती: तुमच्या नावावर असतो तो ताबा. मालकी कंपनीचीच राहते. नोकरी सोडल्यावर टॅब अडवून ठेवला, तर कंपनी कायदा २०१३च्या कलम ४५२नुसार एक लाख ते पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायालयाने दिलेल्या मुदतीतही तो परत केला नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परस्पर विकला, तर प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६मधल्या फौजदारी विश्वासघातापर्यंत जाऊ शकतं. नोकराने असा विश्वासघात केला, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. थकलेला पगार मिळावा म्हणून टॅब ओलीस ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नका. पगाराची तक्रार कामगार आयुक्तालयात करा आणि टॅबची पोच घेऊन तो परत द्या.

रोजच्या घरगुती वापराचं उत्तर मात्र कायद्यात नाही, ते कंपनीच्या धोरणात असतं. काही कंपन्या मर्यादित वैयक्तिक वापर चालवून घेतात, काही अजिबात नाही. ‘सगळेच वापरतात’ हा बचाव चौकशीत टिकत नाही.

गैरसमज २: निर्बंध घालतात, कारण कंपनीचा आपल्यावर विश्वास नाही.

वस्तुस्थिती: मुख्य कारण टॅबमध्ये साठलेली माहिती हे आहे. त्यात ग्राहकांचे आधार क्रमांक असतात, कर्जदारांचे फोटो असतात, डॉक्टरांच्या भेटींच्या नोंदी असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३नुसार माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मुलाने खेळता खेळता उतरवलेलं एखादं अनोळखी ॲप ती माहिती बाहेर नेऊ शकतं. म्हणूनच प्ले स्टोअर बंद असतं आणि यूएसबीने फाइल कॉपी होत नाही.

याचा अर्थ प्रत्येक निर्बंध योग्यच असतो असा नाही. नकाशाचं ॲप बंद असल्यामुळे पत्ता शोधता येत नसेल, तर आयटी विभागाला तसं लेखी कळवा. कामासाठी लागणारी सोय मागणं ही तक्रारखोरी नव्हे.

गैरसमज ३: कंपनी माझे फोटो, मेसेज, कॉल सगळं वाचते.

वस्तुस्थिती: इथे भीतीही जास्त असते आणि बेफिकिरीही. टॅबवर नियंत्रण ठेवणाऱ्या व्यवस्थेला एमडीएम म्हणतात. टॅबचं मॉडेल, आयएमईआय किंवा सिरियल नंबर, अँड्रॉइडची आवृत्ती, कोणती ॲप्स आहेत आणि टॅबने शेवटचा संपर्क कधी केला, ही माहिती या व्यवस्थेतून कंपनीला दिसते. टॅब दुरून लॉक करता येतो, पासवर्डची सक्ती करता येते, सगळा डेटा पुसताही येतो. गॅलरीतले फोटो उघडून बघणं किंवा व्हॉट्सॲपचे मेसेज वाचणं हे मात्र एमडीएमचं नेहमीचं काम नाही.

पण टॅबवर एमडीएमखेरीज देखरेखीचं वेगळं सॉफ्टवेअर असू शकतं, आणि ते स्क्रीनही टिपू शकतं. व्हॉट्सॲपचं एन्क्रिप्शन मेसेजचं रक्षण करतं ते वाटेत. तुमच्या स्क्रीनवर उघडलेला मेसेज त्या टॅबवर उघडाच असतो. कामाचा ईमेल आणि कामाच्या फाइल्स तर कंपनीच्या सर्व्हरवरच असतात.

अंदाज बांधत बसण्यापेक्षा टॅबलाच विचारा. कंपनीच्या पूर्ण नियंत्रणातल्या अँड्रॉइड टॅबवर वरून बोट ओढून क्विक सेटिंग्ज पूर्ण उघडल्या की, हे डिव्हाइस तुमच्या संस्थेचं आहे अशा अर्थाची एक बारीक ओळ दिसते. नेटवर्कवर लक्ष ठेवलं जात असेल, तर तेही तिथेच लिहिलेलं असतं. त्या ओळीला स्पर्श करा, तपशील उघडतो. बऱ्याच टॅबच्या सेटिंग्जमध्ये व्यवस्थापित डिव्हाइसच्या माहितीचं एक पानही असतं. संस्थेला कोणत्या प्रकारची माहिती दिसू शकते, नेटवर्कच्या नोंदी शेवटच्या कधी पाहिल्या गेल्या, हे तिथे ओळीने दिलेलं असतं. आयपॅड असेल, तर सेटिंग्ज उघडताच तो कोणत्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे हे वरच दिसतं. ही माहिती पाच मिनिटांत वाचून होते.

स्वतःच्या फोनवर कंपनीचं ॲप घेतलं असेल, तर गणित वेगळं आहे. अँड्रॉइडमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ नावाचा वेगळा कप्पा तयार होतो आणि कामाच्या ॲप्सवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. कंपनीचा हात त्या कप्प्यापुरताच पोचतो. नोकरी सुटली की तेवढाच कप्पा पुसला जातो, तुमचे फोटो जागेवर राहतात. कंपनीच्या टॅबवर ही हमी गृहीत धरू नका. तिथे पुसायचं ठरलं, तर कंपनी सगळंच पुसू शकते.

गैरसमज ४: इनकॉग्निटोमध्ये उघडलं की कुणाला कळत नाही.

वस्तुस्थिती: इनकॉग्निटो मोड फक्त ब्राउझरमधला इतिहास आणि कुकीज ठेवत नाही. टॅब कोणत्या साइटशी जोडला गेला हे नेटवर्कच्या नोंदीत उमटतंच. ऑफिसचं वायफाय असो, कंपनीचा व्हीपीएन असो किंवा टॅबमधलं कंपनीचं सिम, नोंद चुकत नाही. आजाराची माहिती, दुसऱ्या नोकरीचा शोध, घरातला वाद यांसाठी स्वतःचा फोन आणि स्वतःचा डेटा वापरा.

गैरसमज ५: फॅक्टरी रीसेट मारला की टॅब मोकळा.

वस्तुस्थिती: या समजुतीने अनेकांना अडचणीत आणलंय. अँड्रॉइडच्या ‘झीरो टच’ किंवा ॲपलच्या अशाच पद्धतीने नोंदवलेल्या टॅबचा क्रमांक कंपनीच्या नावावर सर्व्हरमध्ये नोंदलेला असतो. रीसेटनंतर तो इंटरनेटला जोडला की आपण कुणाचे आहोत हे सर्व्हरकडून त्याला कळतं आणि सगळे निर्बंध परत येतात. सॅमसंगची नॉक्स ही सुरक्षा व्यवस्था असलेल्या टॅबवर अनधिकृत सॉफ्टवेअर चढवलं, तर आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. तो पुन्हा जोडता येत नाही. टॅबशी छेडछाड झाल्याची खूण त्यात राहून जाते आणि नॉक्सचा सुरक्षित कप्पा पुन्हा उघडत नाही.

रीसेटमध्ये कंपनीचा डेटा पुसला गेला, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चं कलम ४३ लागू होऊ शकतं. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती नष्ट करणं हे त्यात येतं. त्यामागे अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला, तर कलम ६६नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. काही दुकानांत थोड्या पैशांत एमडीएम काढून देतो असं सांगतात. ते काम करून घेतल्यावर जबाबदारी टॅब ज्याच्या नावावर आहे त्याची असते.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली, सेकंडहँड टॅब घेताना हीच गोष्ट लक्षात ठेवा. दुकानातच तो रीसेट करून इंटरनेटला जोडून बघा. सुरुवातीच्या स्क्रीनवर एखाद्या संस्थेचं नाव आलं, तर घेऊ नका.

गैरसमज ६: टॅब कंपनीचा, म्हणजे माझा खासगीपणाचा हक्क संपला.

वस्तुस्थिती: तसं नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध बजावता येतो, त्यामुळे खासगी कंपनीच्या बाबतीत आधार डेटा संरक्षण कायद्याचा घ्यावा लागतो. या कायद्याच्या कलम ७ने नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. मुभा आहे ती त्या कारणापुरती. कर्मचाऱ्याच्या घरगुती आयुष्यात डोकावण्याचा तो परवाना नव्हे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाले आणि मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. म्हणजे तुमच्या कंपनीचं धोरण याच काळात नव्याने लिहिलं जाण्याची शक्यता आहे. ते येईल तेव्हा वाचा आणि प्रश्न विचारा.

पुट्टस्वामी निकालानंतर बाराच दिवसांनी, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने बोग्दान बार्बुलेस्कू या रोमानियातल्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवर तो भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी बोलला, म्हणून त्याची नोकरी गेली होती. खासगी वापराला बंदी आहे हे त्याला माहीत होतं. पण मेसेजचा मजकूरही वाचला जाईल, हे आधी सांगितलं नव्हतं. त्यावर न्यायालयाने नेमकं बोट ठेवलं. हा निकाल भारतात बंधनकारक नाही. तरी त्यातलं तत्त्व आपल्या प्रत्येक ऑफिसात मागण्यासारखं आहे: लक्ष ठेवायचं असेल, तर कशावर आणि किती ते आधी सांगा.

गैरसमज ७: टॅब दिलाय म्हणजे चोवीस तास चालू ठेवायचा आणि लोकेशनही.

वस्तुस्थिती: फिरतीच्या कामात जीपीएसवरून हजेरी लागते, डीसीआर (रोजच्या भेटींचा अहवाल) भरताना डॉक्टरांच्या दवाखान्याचं ठिकाण नोंदलं जातं. कामाच्या वेळेत हे समजण्यासारखं आहे. रात्री साडेदहाला तुम्ही कुठे आहात, हे कंपनीला कळण्याचं कारण नाही. ॲपलच्या आयपॅडवर एमडीएममधून ठिकाण समजतं ते तो हरवल्याचं नोंदवून ‘लॉस्ट मोड’ चालू केल्यावरच. कंपनीच्या एखाद्या ॲपला तुम्ही स्वतः लोकेशनची परवानगी दिली असेल, तर ती गोष्ट निराळी. दिवसाचं काम संपलं की ॲपमधून पंच आउट करा आणि त्यानंतर लोकेशन बंद ठेवता येईल का, हे ईमेलवर विचारून घ्या. लेखी उत्तर पुढे कामी येतं.

कामानंतर फोन-ईमेलला उत्तर न देण्याच्या हक्काचा कायदा भारतात अजून झालेला नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी २०१८मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं.

गैरसमज ८: टॅब फुटला की नव्याची पूर्ण किंमत पगारातून जाणारच.

वस्तुस्थिती: कपातीला अटी आहेत, आणि त्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाठ असाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार सोपवलेल्या वस्तूचं नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालं असेल, तरच पगारातून पैसे कापता येतात. कापण्याआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. कापलेली रक्कम झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून तीन वर्षं वापरलेल्या टॅबसाठी नव्याची किंमत मागितली, तर हिशेब मागा. आणि सगळ्या कपाती मिळून त्या वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. १९३६च्या जुन्या वेतन प्रदान कायद्यातही याच धर्तीच्या अटी होत्या. टॅब चोरीला गेला, तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत आयटी विभागाला पाठवा. ते टॅब दुरून लॉक करतील आणि तुमच्याकडे हलगर्जीपणा न केल्याचा पुरावा राहील.

उपकरणच वाईट असेल, तर त्याचा भार कर्मचाऱ्याने वाहायचा का, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ठामपणे विचारला. पोषण नोंदींसाठी दिलेल्या मोबाइलमध्ये रॅम जेमतेम २ जीबी होती, त्यामुळे ॲप नीट चालत नव्हतं. मराठीत काम करणाऱ्या बायांना नावं इंग्रजीत भरावी लागत होती आणि दुरुस्तीचा खर्चही त्यांच्यावर पडत होता. ऑगस्ट २०२१मध्ये राज्यभर सेविकांनी हे मोबाइल सरकारी कार्यालयांत नेऊन परत केले. त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. त्यामुळे पगारदारांच्या कायद्याचा आधार त्यांना सहजासहजी मिळत नाही. तरीही त्या एकत्र उभ्या राहिल्या, हे प्रत्येक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

टॅब घेताना, टॅब देताना

घेताना धोरणाची प्रत मागा आणि सही करण्याआधी चार गोष्टी शोधा: वैयक्तिक वापर किती चालतो, कशावर लक्ष ठेवलं जातं, लोकेशन केव्हा नोंदलं जातं आणि नुकसानीचा हिशेब कसा होतो. स्क्रीनवर आधीचा ओरखडा असेल, तर फोटो काढून त्याच दिवशी ईमेल करा. स्वतःचं गूगल खातं टॅबवर जोडू नका. ब्राउझरमध्ये साठलेले पासवर्ड त्याबरोबर येतात. कंपनीच्या सिमचा नंबर बँक, आधार किंवा घरच्या व्हॉट्सॲपला देऊ नका. नोकरी सुटल्यावर तो नंबर दुसऱ्याच्या हाती जातो आणि तुमचे ओटीपीही त्याच्याकडे जातात.

देताना स्वतःच्या फाइल्स आधी परवानगीने काढून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा आणि व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून टॅब काढून टाका. रीसेट आयटीवाल्यांना करू द्या. टॅब आणि चार्जरची पोच सिरियल नंबरसह घ्या, म्हणजे फुल अँड फायनल हिशेबाच्या वेळी वाद होत नाही. कंपनीने जुना टॅब तुम्हालाच विकत दिला, तर बिलाबरोबर तो त्यांच्या एमडीएममधून काढल्याचं पत्रही मागा.

टॅब कंपनीचा आहे हे मान्य करून त्याची राखण करणं हे आपलं काम. आपल्यावर किती आणि कशासाठी लक्ष ठेवलं जातंय हे विचारणं हा आपला हक्क. पहिलं चोख केलं की दुसरं ताठ मानेने मागता येतं.