इंडियागेम्स : मालक बदलत गेलेला एक कारखाना

व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचा वेळ दवडण्याचे साधन, असे आमच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचे ठाम मत असते. तो वाद आम्ही येथे उकरीत नाही. परंतु हे खेळ घडविणाराही एक कारागीरवर्ग असतो. त्यात चित्रकार, गणिती, कल्पक लेखक असे सर्व एका छपराखाली नांदावे लागतात. असा एक नामांकित कारखाना आपल्या मुंबईतच उभा राहिला व विक्रीनंतर लोप पावला, हे पुष्कळांस ठाऊक नसावे.

श्री. विशाल गोंडल यांनी 1999 मध्ये 'इंडियागेम्स' स्थापन केली, तेव्हा हा धंदा आपल्याकडे जवळजवळ नव्हताच. पुढे बटणांचे मोबाइल घरोघर आले, आणि तेरणेच्या धरणाकाठच्या माकणीसारख्या गावीही चार बोटांच्या पडद्यावर क्रिकेट खेळता येऊ लागले. तुटपुंज्या मेमरीच्या त्या यंत्रात गोलंदाजाची फेक आणि फलंदाजाचा फटका बसविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. तथापि गिऱ्हाइकाच्या पैशांतील मोठा वाटा टेलिफोन कंपन्या घेत. घडविणाऱ्याच्या पदरी थोडके पडे. भांडवलाची निकड होती ती यामुळेच.

2005 मध्ये बहुसंख्य समभाग चीनच्या टॉम ऑनलाइनकडे गेले, 2007 मध्ये यूटीव्हीकडे, आणि 2011 मध्ये अमेरिकेच्या डिस्नेने संस्था घेतली. 2013 मध्ये गोंडल बाहेर पडले. डिस्नेने 2016 मध्ये स्वतःचे मोठे खेळ प्रकाशित करणेही थांबविले. आज इंडियागेम्स हे नाव बाजारात दिसत नाही.

सारा दोष नव्या मालकाच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. स्मार्टफोन आले, खेळ फुकट मिळू लागले, आणि जाहिरातींवर कमाई करण्याची निराळीच विद्या आवश्यक झाली. परंतु अशा वेळी घरचा कर्ता घरात असावा लागतो. वाड्याचे खरेदीखत होते. वाड्यातील माणसांच्या एकविचाराचे होत नाही. ज्या कचेरीत चित्रपट, बाहुल्या आणि उद्याने यांचाच हिशेब मुख्य, तेथे मुंबईच्या या लहान दालनासाठी कोण भांडणार?

अमेरिकेतही निराळे घडले नाही. लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने 1995 मध्ये 'कमांड अँड कॉन्कर' हा युद्धखेळ काढून जगभर नाव मिळविले. 1998 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ती संस्था विकत घेतली आणि 2003 मध्ये बंद केली. काही जुन्या कारागिरांनी त्याच वर्षी, त्याच शहरी पेट्रोग्लिफ ही नवी संस्था थाटली. गंमत अशी की, 2020 मध्ये तो जुना खेळ नव्या रूपात आणावयाचा झाला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला पेट्रोग्लिफचेच साहाय्य घ्यावे लागले!

इंडियागेम्सचे जुने खेळ ज्या बटणांच्या मोबाइलवर चालत, ते मोबाइल मात्र आता कोणाकोणाच्या कपाटात, चार्जरावाचून पडून आहेत.