पाकिटातले जिवाणू ज्वारीला किती देतात?

रब्बीची पेरणी तोंडावर आली की मुखेड, उदगीरच्या बाजारात बियाण्याच्या पिशवीसोबत ॲझोटोबॅक्टर आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) या जिवाणू खतांची पाकिटंही विकली जातात. कुणी ती युरियाऐवजी घेतो, तर कुणी दुकानदाराने गळ्यात मारलेला माल म्हणून कोठ्यात फेकून देतो. दोघांचाही हिशेब चुकतो.

गैरसमज १ : जिवाणू खत वापरलं की युरियाची गरज नाही.

वस्तुस्थिती : ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम हवेतलं नत्र बांधतात, पण ज्वारीची सगळी भूक त्यांच्याने भागत नाही. परिस्थिती अनुकूल असेल तर शिफारशीच्या नत्रात साधारण २५ टक्क्यांपर्यंत कपात चालते. कोरडवाहू रब्बी ज्वारीला हेक्टरी ४० किलो नत्र धरलं, तर वाचतं १० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एकरी नऊएक किलो युरिया वाचला. गोणी ४५ किलोची. पाच एकरांत एक गोणी. बचत छोटी, पण खरी. ब्राझीलमध्येही २००९ नंतर मक्याला ॲझोस्पिरिलम मोठ्या प्रमाणावर वापरात आलं, ते रासायनिक नत्राच्या जोडीनेच.

गैरसमज २ : सोयाबीनला लावलेलं रायझोबियम उरलं, तर ते ज्वारीला चालतं.

वस्तुस्थिती : रायझोबियम कडधान्यांच्या आणि सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून राहतं. ज्वारीच्या मुळांवर गाठी होतच नाहीत, त्यामुळे झाड उपटून गाठी शोधण्यात अर्थ नाही. ॲझोस्पिरिलम मुळांच्या पृष्ठभागावर आणि आतल्या पोकळ्यांत राहतं आणि वाढीला चालना देणारी द्रव्यं सोडतं. त्यामुळे तंतुमुळं वाढतात आणि झाडाला ओल व अन्नद्रव्यं जास्त जागेतून उचलता येतात. कोरडवाहू पिकाला या तंतुमुळांचा फायदा नत्राइतकाच मोलाचा असतो.

गैरसमज ३ : पीएसबी टाकलं की डीएपी बंद.

वस्तुस्थिती : पीएसबी स्फुरद तयार करत नाही, जमिनीत अडकलेला मोकळा करतं. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा मोठा भाग चुन्याशी बांधला जातो आणि पिकाला मिळत नाही. पीएसबीतले जिवाणू सेंद्रिय आम्लं सोडून त्यातला काही भाग विरघळवतात. मुळात जमिनीत स्फुरदच कमी असेल, तर मोकळा करायला काही उरत नाही. म्हणून कपात माती परीक्षण पाहूनच करावी.

गैरसमज ४ : बुरशीनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवले तरी चालतं.

वस्तुस्थिती : इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. क्रम ठरलेला आहे : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. काणीसाठी गंधक आणि खोडमाशीसाठीचं औषध चोळून बी सुकवायचं. मग लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून द्रावण पूर्ण थंड करायचं. बी ओलसर होईल इतकंच द्रावण शिंपडायचं, पावडर हलक्या हाताने चोळायची आणि बी सावलीत पोत्यावर पसरून त्याच दिवशी पेरायचं. प्रमाण १० किलो बियाण्याला प्रत्येक जिवाणूची २५० ग्रॅम पावडर. एकरी चार किलो बी धरलं, तर एक पाकीट अडीच एकरांना पुरतं. चिमूटभर युरियासुद्धा या बियाण्यात मिसळू नये.

गैरसमज ५ : पाकिटावरची मुदत संपली नाही, म्हणजे माल चांगला.

वस्तुस्थिती : २००६ पासून जिवाणू खतं खत नियंत्रण आदेशात आहेत. ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम, पीएसबीसाठी पावडरीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी, द्रवरूपात दर मिलिलिटरला १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. पण पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेल्या पाकिटात तेवढे उरतीलच असं नाही. पेरणीच्या तोंडावर, सावलीत ठेवलेला, ताज्या तारखेचा माल घ्यावा. जिवाणूचं आणि पिकाचं नाव, तयार केल्याची तारीख वाचावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातही जिवाणू संवर्धकं मिळतात.

गैरसमज ६ : जमीन कशीही असो, जिवाणू आपलं काम करतात.

वस्तुस्थिती : ॲझोटोबॅक्टर सेंद्रिय पदार्थांवर जगतं. धसकटं, काडीकचरा पेटवून दिलेल्या, वर्षानुवर्षं शेणखत न पाहिलेल्या हलक्या माळरानात त्याला खायला काही नसतं. ओल नसेल तर ते तगत नाही. शेणखत, कंपोस्ट आणि पेरणीवेळची ओल हीच त्याची शिदोरी.

खात्री करायची असेल, तर शेताच्या एका बाजूला चार तासांत जिवाणू न लावलेलं बी पेरा. खत, आंतरमशागत सगळं सारखं ठेवा. काढणीला दोन्हींकडची सारख्या लांबीची तासं वेगळी मळून दाणे वजन करा. आपल्या रानात किती फरक पडतो, हे दुकानदाराच्या शब्दापेक्षा तो काटा नेमकं सांगेल आणि पुढच्या वर्षी युरिया किती कमी करायचा हेही त्यावरच ठरवता येईल.