मार्टिन बेक : दहा पुस्तकांचा सोबती

■ लेखकद्वय : माय श्योवाल आणि पेर वालो, स्वीडन.

■ मालिका : १९६५ ते १९७५, दहा कादंबऱ्या, प्रत्येकी ३० प्रकरणं.

■ नायक : खुनांचा तपास करणारा पोलीस अधिकारी. सर्दी आणि पोटदुखीनं बेजार. फावल्या वेळात जहाजांच्या प्रतिकृती जोडत बसणारा.

■ तपास : चमत्कार नाहीत. पहिल्या ‘रोझेआना’त कालव्यात सापडलेल्या तरुणीची ओळख पटण्यातच कित्येक आठवडे जातात.

■ गोडी कशात? : गुन्हा दर वेळी नवा, माणसं तीच. बेकचा संसार मोडतो, जिवलग सहकारी कोलबर्ग अखेर नोकरीला रामराम ठोकतो. खुनी सापडला तरी या मंडळींचं पुढं काय, ही उत्सुकता उरतेच.

■ सन्मान : ‘द लाफिंग पोलिसमन’ला १९७१चा एडगर पुरस्कार.

■ वाचताना : प्रत्येक कथा स्वतंत्र आहे, तरी क्रमानंच वाचा.